‘आर्क्युएट’ म्हणजे कशासारखा वाकलेला? अवघड शब्द उलगडायची माझी रीत

वैद्यकीय पुस्तकांचं भाषांतर करायला लागून मला तेव्हा दुसरंच वर्ष होतं. शरीररचनेच्या एका जाडजूड पुस्तकात ‘आर्क्युएट’ हा शब्द आला. कोशात ‘वक्र, वाकलेला’ असं सापडलं, ते लिहिलं आणि पुढे गेले. चार पानांनी तो परत आला, मग येतच राहिला. मूत्रपिंडातल्या रोहिण्या वक्र, श्वासपटलाजवळचा बंध वक्र, पोटाच्या स्नायूंमागची रेषा वक्र, मेंदूतला तंतूंचा जुडगा वक्र. मजकूर संपादकांकडून परत आला तेव्हा अकरा ठिकाणी समासात पेन्सिलीने एकच प्रश्न होता: ‘कशासारखा?’

मला रागच आला. वाकडं ते वाकडं, त्यात कशासारखं काय! पण उत्तर द्यायचं म्हणून शब्दाच्या मागे लागले आणि कळलं की प्रश्न अगदी नेमका होता. लॅटिनमधून आलेले वाकण्या-वळण्याचे शब्द नुसतं ‘वाकलेलं’ असं क्वचितच म्हणतात. प्रत्येकाच्या पोटात एक वस्तू असते. ती वस्तू सापडली की अर्थ सापडतो, आणि बऱ्याचदा मराठी शब्दही. तेव्हापासून मी ज्या रीतीने हे काम करते ती इथे सांगते. लॅटिन यायची गरज नाही. मलाही येत नाही. कोश वाचण्यापुरतं येतं.

सुरुवात शेपटापासून करायची. ‘आर्क्युएट’मधलं शेवटचं ‘एट’ बाजूला काढा. लॅटिनमध्ये ते ‘आतुस’ होतं: आर्कुआतुस. हा कर्मणी भूतकालवाचक धातुसाधिताचा प्रत्यय. हे नाव ऐकून घाबरू नका, तो आपल्या ओळखीचा आहे. त्यातला ‘त’ म्हणजे कृत, गत, दत्त यांतला संस्कृत ‘त’च, लॅटिनमध्ये ‘दिलेलं’ याला ‘दातुस’ म्हणतात. नामाला लागला की तो साधारण ‘पुष्पित’, ‘कंटकित’ यांतल्या ‘इत’सारखं काम करतो. म्हणजे शेपटाच्या आधी जी वस्तू असेल तिचं रूप आलेलं, तिचा आकार घेतलेलं. वनस्पतिशास्त्रात पानांच्या वर्णनात याची रांगच लागलेली दिसते: सेरेट म्हणजे करवतीसारख्या कडेचं, कॉर्डेट म्हणजे हृदयाच्या आकाराचं, पामेट म्हणजे तळहातासारखं पसरलेलं. मात्र ‘एट’ दिसलं की लगेच कात्री चालवू नका. ‘क्लायमेट’ आणि ‘पायरेट’ हे ग्रीकमधून आलेले शब्द आहेत आणि त्यांतलं ‘एट’ हे शेपूट नव्हेच.

शेपूट गेल्यावर उरलं ‘आर्क्यु’. इथे मी बरेच दिवस ठेचकाळत होते, कारण भूमितीतला ‘आर्क’ तर उघड दिसतो, मग मधला उकार कुठून आला? लॅटिन व्याकरणात नामांचे पाच गट करतात. ‘आर्कुस’ हे त्यांपैकी चौथ्या गटातलं, आणि या गटातल्या नामाचं अंग उकारान्त असतं, जसं आपल्याकडे भानु, शत्रु, धेनु. प्रत्यय लागला तरी अंगातला उकार जात नाही. म्हणून आर्कातुस न होता आर्कुआतुस झालं आणि इंग्रजीत ‘आर्केट’ न होता ‘आर्क्युएट’. इंग्रजीत हा शब्द १७व्या शतकात आला. उच्चार शेवटी ‘एट’ किंवा ‘इट’ असा दोन्ही प्रकारे करतात, जोर पहिल्या ‘आर्’वर.

हा उकार लक्षात ठेवा, कारण तो एकटा नाही. सिन्युअस, फ्लेक्शुअस, टॉर्च्युअस, अ‍ॅनफ्रॅक्च्युअस हे वळणावळणाचे सगळे शब्द बघा. सगळ्यांत तो आहे, कारण सिनुस, फ्लेक्सुस, तोर्तुस, आनफ्राक्तुस ही सगळी त्याच चौथ्या गटातली नामं. फरक आहे तो शेपटात. यांना ‘आतुस’ लागलेलं नाही, ‘ओसुस’ लागलंय, आणि ‘ओसुस’ म्हणजे ‘ने भरलेलं’. सिनुस म्हणजे वस्त्राची झोळ, घडी, खोलगट वळण. म्हणून सिन्युअस म्हणजे अशा वळणांनी भरलेलं, आपलं नागमोडी. आर्क्युएट म्हणजे एकदाच, एका आकारात वाकलेलं. दोन शेपटांमधला हा फरक कोशातल्या दहा समानार्थी शब्दांपेक्षा माझ्या जास्त कामी आला आहे. घाटातला रस्ता सिन्युअस असू शकतो. आर्क्युएट म्हणालात तर तो संपूर्ण रस्ता एकाच कमानीत वळला पाहिजे.

आता वस्तू. आर्कुस म्हणजे धनुष्य.

इथे थांबून डोळ्यांसमोर धनुष्य आणायचं. खरंच आणायचं, हवं तर कागदावर काढायचं. दोन टोकं, मध्ये एकच सलग वाक, दोन्ही बाजू साधारण सारख्या. टोकं कुठेतरी बांधलेली आणि वाकाखाली मोकळी जागा. मग पुस्तकातल्या अकरा ठिकाणांकडे हे चित्र घेऊन जायचं. श्वासपटलाजवळचा मधला आर्क्युएट बंध महारोहिणीच्या वरून एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे जातो, खालून महारोहिणी निघते. धनुष्यच. मूत्रपिंडातल्या आर्क्युएट रोहिण्या आतल्या पिरॅमिडसारख्या भागांच्या तळावरून, बाहेरचा थर आणि आतला थर यांच्या सीमेवर वळत जातात. मेंदूतला आर्क्युएट जुडगा कानाच्या वरच्या बाजूच्या खोल खाचेला मागून वळसा घालून भाषा समजण्याशी आणि बोलण्याशी जोडलेले भाग एकमेकांशी सांधतो. दोन टोकं, एक वाक. माझ्या ‘वक्र’ने यातलं काहीच सांगितलं नव्हतं. वक्र तर मोडकी तारही असते.

वस्तू सापडल्यावर ती मूळ भाषेत आणखी कशाकशासाठी वापरत हे बघायची मला खोड आहे, आणि ही खोड तुम्हीही लावून घ्या. रोमन लोक आर्कुस हा शब्द धनुष्यासाठी वापरत, इमारतीतल्या कमानीसाठी वापरत आणि आकाशातल्या इंद्रधनुष्यासाठीही. फ्रंटिनस हा इ.स. ९७मध्ये रोमच्या पाणीपुरवठ्याचा प्रमुख झाला. त्याने शहराच्या जलवाहिन्यांची मोजमापं लिहून ठेवली आहेत, त्यात वाहिनी किती अंतर जमिनीखालून जाते आणि किती अंतर ‘ओपुस आर्कुआतुम’वरून, म्हणजे कमानींच्या बांधकामावरून, हे पावलांत दिलंय. वास्तुशास्त्रात अजूनही कमानींवर उभारलेल्या इमारतीला आर्क्युएटेड म्हणतात. खांबांवर आडव्या तुळया टाकून उभारलेली ती ट्रॅबिएटेड. तिच्या पोटात लॅटिन ‘त्राब्स’ आहे, म्हणजे तुळई.

दुसरा वापर मला जास्त आवडतो. आर्कुआतुसचं लेखन ‘आर्क्वातुस’ असंही होई, सीऐवजी क्यू अक्षराने. आणि ‘आर्क्वातुस’ हे एका आजाराचं नाव होतं. रोमन वैद्यकावर लिहिणारा सेल्सस हे नाव नोंदवतो. आजार म्हणजे कावीळ. त्वचेवर चढणाऱ्या रंगांमुळे इंद्रधनुष्याचं नाव तिला मिळालं असं मानतात. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला कवी लुक्रेशियस म्हणतो, की ‘आर्क्वाती’ जे जे पाहतात ते ते पिवळट होतं. मी हे वाचलं तेव्हा चष्मा काढून ठेवला. काविळीच्या माणसाला जग पिवळं दिसतं, हे आपण मराठीत जसंच्या तसं म्हणतो! तात्पर्य एवढंच की जुन्या मजकुरात हा शब्द क्यूने लिहिलेला सापडला, तर आकाराचा अर्थ लावण्याआधी आजूबाजूला रोगी आहे का ते बघा.

क्यूचंच आणखी एक उदाहरण पक्ष्यांत आहे. लांब, खाली वाकलेल्या चोचीचा एक पाणथळीतला पक्षी आहे, इंग्रजीत कर्ल्यू. सजीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७५८मध्ये त्याच्या नावात ‘आर्क्वाता’ घातलं, ते या चोचीमुळे. आज त्याचं शास्त्रीय नाव नुमेनियस आर्क्वाता. पहिला शब्द ग्रीक, अमावस्येनंतरच्या नव्या चंद्रावरून आलेला, म्हणजे तोही चोचीच्या कोरीवरूनच. एकाच चोचीचं दोन भाषांत दोनदा वर्णन. आणि आता सापळा: ‘कर्ल्यू’मध्ये ‘कर्ल’ ऐकू येतं, म्हणून तोही वाकण्याचाच शब्द असेल असं वाटतं. तसं नाही. ते जुन्या फ्रेंचमधून आलेलं, पक्ष्याच्या ओरडण्याची नक्कल करणारं नाव आहे. मी हे एका टिपणात चुकीचं लिहून बसले होते.

तर पुढचं काम हेच: खोटे नातेवाईक ओळखणं. आर्कुसच्या घरातली खरी मंडळी म्हणजे आर्क, आर्च, आर्केड आणि आर्चर. ‘आर्च’मधला च फ्रेंचमधून येताना झाला, लॅटिनमध्ये तो ‘क’ होता. ‘अ‍ॅरो’ म्हणजे बाण, हा जर्मानिक बाजूचा शब्दही दूरचा चुलतभाऊ. मूळ अर्थ ‘धनुष्याचं ते’ असा काहीसा. पण आर्किटेक्ट, आर्चबिशप, मोनार्क यांतला ‘आर्क’ ग्रीक, मुख्य असण्याचा किंवा राज्य करण्याचा. आर्किऑलॉजीतला ग्रीक, प्राचीन या अर्थाचा. आर्क्टिक ग्रीक अस्वलावरून. नोआचं जहाज ‘आर्क’ लॅटिनच, पण ते ‘आर्का’ म्हणजे पेटीवरून. ‘आर्केन’ म्हणजे गूढ, तेही त्याच पेटीतलं. कमानी बांधणारा तो आर्किटेक्ट, हे ऐकायला किती छान वाटतं! छान वाटलं की कोश उघडायचा, हा माझा नियम त्यातूनच आला.

यानंतर शेजारी बघायचे, म्हणजे वाकण्याचे इतर शब्द आणि त्यांच्या वस्तू. इथे मी फार रेंगाळत नाही, कारण एकदा रीत कळली की ते पटापट सुटतात. फाल्केट: फाल्क्स, म्हणजे कोयता-विळा. डॉल्फिनच्या पाठीवरच्या पराचं वर्णन या शब्दाने करतात, आणि ते टोकाकडे निमुळतं होत मागे झुकलेलं असतं. धनुष्यात हे झुकणं नाही. ल्युनेट: लूना, चंद्रकोर. हॅमेट: हामुस, गळ. या नावांची दोन्ही हाडं एकाच मनगटात आहेत, एक कोरीचं आणि एक आकड्याचं. अन्सिनेट: उंकुस, आकडी, स्वादुपिंडाचा आकडीसारखा निघालेला भाग हे नाव घेतो. या उंकुसचं आपल्या ‘अंकुश’शी आणि वाक या अर्थाच्या संस्कृत ‘अंक’शी नातं आहे. टॉर्च्युअसच्या मागे पिळणं आहे, तोर्क्वेरे. त्याचा संस्कृत भाऊ ‘तर्कु’, सूत कातायची चाती. म्हणून वाढत्या वयात रक्तवाहिनी टॉर्च्युअस होते तेव्हा ती नुसती वळलेली नसते, तिला पीळ आणि वेडीवाकडी वळणं पडलेली असतात. ‘टॉर्चर’ त्याच घरातलं, पण ‘टॉर्च्युअस’मध्ये यातना नाही. या दोघांची गल्लत इंग्रजी मातृभाषा असलेले लोकही करतात.

सिनुसवर मात्र थोडं थांबते, कारण ती गोष्ट धनुष्याकडेच परत येते. त्रिकोणमितीतला ‘साइन’ म्हणजे हाच सिनुस. आर्यभटाच्या वेळी, इ.स. ४९९च्या सुमाराला, संस्कृत गणितात वर्तुळाच्या तुकड्याला चाप म्हणत, म्हणजे धनुष्य. त्याची टोकं जोडणारी रेषा ज्या किंवा जीवा, म्हणजे प्रत्यंचा. मधलं अंतर शर, म्हणजे बाण. अर्ध्या ज्येलाही पुढे नुसतं ज्याच म्हणू लागले. अरबांनी ‘जीवा’ घेतला, तो ‘जीबा’ झाला. अरबीत ऱ्हस्व स्वर लिहायची पद्धत नाही आणि जीबा या शब्दाला अरबीत स्वतःचा अर्थ नव्हता, म्हणून लेखन बघून लोक ते ‘जैब’ असं वाचू लागले. जैब म्हणजे वस्त्राचा गळ्याजवळचा घोळ. १२व्या शतकात युरोपात भाषांतर करणाऱ्यांनी त्याचं लॅटिन केलं: सिनुस. म्हणजे प्रत्यंचेची घडी झाली, ती फक्त वाचनाच्या चुकीने. लॅटिन भूमितीतही तुकडा तो आर्कुस आणि शर तो ‘साजिता’, बाणच. आपल्या शाळेच्या पुस्तकांत तुकड्याला कंस म्हणतात, पण जीवा अजून तशीच आहे. दोरी उरली, धनुष्य गेलं.

शेवटचं काम मराठी शब्द ठरवण्याचं. मूळ वस्तू हाताशी असली की हे सोपं होतं, पण एक मोह टाळायचा: वस्तूचं नाव तसंच्या तसं उचलून ‘धनुष्याकृती’ करणं. चूक नाही, पण वाचणाऱ्याला युद्ध दिसतं. मी दोन दिवस ‘चापाकृती’, ‘धनुर्वक्र’ असले शब्द पाडत होते. मग लक्षात आलं की शब्द माझ्या तोंडात रोजचाच आहे. कमान! फारसीत कमान म्हणजे धनुष्य. ‘तीरकमान’मध्ये तो अर्थ आपणही जपलाय. मराठीत येऊन ती दरवाजावरची, पुलाखालची कमान झाली. म्हणजे आर्कुसने धनुष्यापासून बांधकामापर्यंत जो प्रवास केला, तोच कमानीने वेगळ्या वाटेने केला. आर्क्युएट म्हणजे कमानदार. ना कमी, ना जास्त.

अकराही ठिकाणी मात्र तो चालला नाही, हेही सांगायला हवं. बंधाला ‘कमानदार’ शोभतं, कारण खालून काहीतरी जातं. रोहिण्यांना मी ‘कमानीसारख्या वळलेल्या’ लिहिलं. ‘कमानदार रोहिण्या’ म्हटलं की दागिन्याचं वर्णन वाटतं. गर्भाशयाच्या बाबतीत आर्क्युएट म्हणतात तेव्हा आतल्या पोकळीच्या छताला वरून किंचित खोलगट बाक आलेला असतो. तिथे ‘कमान’ लिहिलं तर उलटं, वर उचललेलं चित्र उभं राहतं. मी ‘छत किंचित आत बाकलेलं’ असं सरळ लिहिलं आणि मूळ शब्द देवनागरीत शेजारी ठेवला. रुग्णाच्या हातात पडणाऱ्या कागदावर तर मी नेहमी असंच करते. शब्दाची व्युत्पत्ती तिला नको असते, छत कुठल्या बाजूला झुकलंय ते हवं असतं.

सुधारलेला मजकूर दुसऱ्यांदा परत आला तेव्हा समासात फक्त एक पेन्सिलीची खूण होती, मेंदूतल्या जुडग्यापाशी, आणि तीही ‘छान’ अशी नव्हती, ‘जुडगा की जुडी?’ अशी होती.

हे सगळं झाल्यावर काही महिन्यांनी कपडे वाळत घालताना भाच्याची लिव्हाइजची जीन्स हातात आली. मागच्या खिशावर ती ओळखीची दुहेरी शिलाई असते ना, तिचं कंपनीतलं नाव ‘आर्क्युएट’ आहे. ती १८७३पासूनची आहे आणि १९४३मध्ये तिची नाममुद्रा म्हणून नोंदणी झाली. दुसऱ्या महायुद्धात दोऱ्यावर मर्यादा आली तेव्हा ती शिवायच्या ऐवजी रंगवत. मी खिसा उन्हात धरून तपासला आणि नाक मुरडलं. ही एक कमान नव्हे. दोन कमानी मध्यभागी टोकाला टोक लावून जोडलेल्या. माझ्या कसोटीप्रमाणे नाव चूक. दोन टोकं, एकच वाक, कुठे आहे? भाच्याला हे ऐकवलं. त्याने खिशाकडे पाहिलं, फोनवर काहीतरी शोधलं आणि स्क्रीन माझ्यासमोर धरली. जुनं, शिंग आणि लाकूड जोडून केलेलं धनुष्य होतं, रोमच्या सैन्यातले तिरंदाजही वापरत त्या जातीचं. मुठीपाशी आत दबलेलं, दोन्ही बाजूंना दोन फुगीर बाक.

“मावशी,” तो म्हणाला, “कुठलं धनुष्य, ते ठरवलंयस का?”

मी माझ्या टिपणांच्या वहीत आर्क्युएटच्या पुढे, पेन्सिलीने, तेवढंच लिहून ठेवलंय.